वेल्सच्या बाटलीतलं आगळ

उल्हास पेडणेकर कुवेतमध्ये कधी प्यायला नाही. याचं श्रेय त्याच्या सद्वर्तनाला देण्याचं कारण नाही. तिथं दारूला बंदी आहे हे खरं, पण बंदीच्या गावात माणसं पीत नाहीत असं कोणी समजू नये. जलीब या कामगारवस्तीतल्या दाटीवाटीच्या खोल्यांत डबाबंद द्राक्षरसाचं काय काय केलं जातं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणालाच ठाऊक नसतं. उल्हासला मात्र ते जरा जास्तच ठाऊक होतं, कारण तो डायलिसिस टेक्निशियन. नको ते प्यालेली तरुण माणसं मधूनच कधीतरी त्याच्या मशीनवर यायची. मशीन रक्तातलं विष काढायचं, गेलेले डोळे काही परत आणायचं नाही. असली चार तोंडं पाहिल्यावर कोणी द्राक्षरस समोर केला, की उल्हास म्हणायचा, "मी सुट्टीतला पिणारा."

सुट्टी म्हणजे कुडाळ. तिथं संध्याकाळी मागच्या पडवीत खुर्ची टाकायची, शर्मिलाने तळलेल्या बांगड्याचा तुकडा घ्यायचा आणि दोन पेग. तिसरा मागितला की शर्मिला आतून भांडं आपटायची. तो आवाज म्हणजे दुकान बंद. इतकं साधं गणित होतं आणि दोघांनाही ते पाठ होतं.

शर्मिला आधी काही वर्षं त्याच्याबरोबर कुवेतमध्ये, एगैला भागातल्या फ्लॅटमध्ये राहिली होती. मग नेहाचं कॉलेज आलं, सासूचं आजारपण आलं, आणि ती कुडाळला गेली ती तिकडचीच झाली. नवरा वर्षातून एकदा येणार, कधी गणपतीला, कधी मे महिन्यात, नि परत जाताना त्याच्या बॅगेत कोकमाचं आगळ जाणार, असा संसार मग रुळला. आगळ म्हणजे कोकमाच्या फळांना मीठ लावून काढलेला दाट लालभडक रस. चमचाभर नारळाच्या दुधात घातला की सोलकढी होते, नुसता जिभेवर टेकवला की कानशिलं आवळून येतात. कुवेतला ते विकत मिळत नाही असं नाही. उल्हासचा मित्र नझीर, मूळचा रत्नागिरीकडचा, त्याच्या जलीबमधल्या किराणा दुकानात आगळाच्या प्लास्टिकच्या बाटल्या रांगेने उभ्या असतात. पण उल्हासने त्यातली एकही कधी घेतली नाही, आणि नझीरनेही ते मनाला लावून घेतलं नाही.

विमानतळावर आणायला नझीरच यायचा. त्याच्या गाडीत बसलं, पट्टा लावला, की उल्हास आधी घरी फोन करायचा.

"पोचलंय गो."

"आगळ सांडलां नाय मा?" पलीकडून पहिला प्रश्न हा. नवरा धड पोचला का, हा दुसरा. नझीर गालातल्या गालात हसत गाडी काढायचा.

एका वर्षी ते खरंच सांडलं. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण ढिलं झालं आणि उल्हासचे क्लिनिकचे पांढरे गणवेश गुलाबी होऊन निघाले. तो तसाच एक गणवेश घालून कामावर गेला, कारण दुसरा नव्हता. दिवसभर पेशंट आपल्या नळ्यांकडे संशयाने बघत राहिले. हे फोनवर ऐकून शर्मिला हसली खरी, पण तिने ते मनात धरून ठेवलं.

आता वेल्सच्या बाटलीकडे येऊ.

नेहा नर्स झाली आणि वेल्समध्ये स्वान्सीच्या एका इस्पितळात लागली. गेल्या वर्षी मे महिन्यात ती पहिल्यांदा तिकडून घरी आली तेव्हा उल्हासही सुट्टीवर होता. बॅगेतून तिने आईसाठी स्वेटर काढला, जो कुडाळच्या मे महिन्यात बघूनच घाम यावा, आणि बाबांसाठी एक उभा खोका. त्यात तिथला सिंगल माल्ट, म्हणजे व्हिस्की. बाटलीवर एक पाखरू होतं आणि खाली वेल्श भाषेतली ओळ, जी वाचताना नेहाचीही जीभ अडखळली.

"हा सगळ्यात वरचा नाही हं बाबा," तिने आधीच सांगून टाकलं. "हा त्यांचा सगळ्यात स्वस्त. नवीन पिणाऱ्यांना हाच देतात म्हणाला दुकानदार. वरच्या फळीवरचे घेतले असते तर परतीचं तिकीट तुमच्याकडे मागावं लागलं असतं."

"मग बरोबर आणलास," उल्हास म्हणाला. "इतकी वर्षं पितोय, पण चांगल्याच्या बाबतीत मी नवीनच."

"दरवर्षी एकेक पायरी वर जाऊ."

त्या संध्याकाळी पडवीत दोन ग्लास लागले. दुसरा नेहाचा. उल्हासने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि ओतलं. रंग फिक्या चहासारखा. पहिल्या घोटाला व्हॅनिला आइसक्रीमची आठवण व्हावी इतका मऊ, मग कुठल्यातरी पिकल्या फळाचा वास, आणि शेवटी ओल्या लाकडासारखा जरासा कडवट. उल्हासने तो जिभेवर घोळवला.

"तुझ्यासारखा आहे," तो म्हणाला. "आधी गोड, मग चावतो."

दारात शर्मिला येऊन उभी होती. "बापूस नि चेडू बसली ढोसूक," ती म्हणाली, पण बांगड्याची ताटली हातात होती, म्हणजे परवानगी होती. नेहाने ग्लास तिच्यापुढे धरला. तिने नाक जवळ नेलं आणि तोंड फिरवलं. "औषधाचो वास येता." मग बाटली उचलून तिने लाकडी टोपीचं बूच काढून पाहिलं, परत दाबलं, उलटी करून पाहिली. एक थेंब गळला नाही.

"संपली काय टाकू नकात," तिने बजावलं. "बूच बरां आसा."

सुट्टी संपायच्या आत ती संपली. शर्मिलाने सोडा घालून, गरम पाण्याने, कितीतरी वेळा ती धुतली, उन्हात उलटी ठेवली आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली. लेबल तिने काढलं नाही. ते पाखरू तिला आवडलं होतं. आणि तिच्या लेखी बाटली एकदा धुतली की तिची जातकुळीच बदलते. कोकणात एरवीही तेलाच्या डब्यात तांदूळ आणि बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा असतो. आतल्या वस्तूला मान, भांड्याचा पूर्वेतिहास कोणी विचारत नाही.

या वर्षी मे महिन्यात तिने आगळ केलं. ते त्या बाटलीत भरलं, बूच दाबलं, स्वतःच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून वर सुतळीच्या गाठी मारल्या, आणि गणपतीला नवरा येईल तेव्हा देऊ म्हणून बाजूला ठेवलं.

जूनमध्ये ती गेली. सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना डोक्यातली शीर फुटली. इस्पितळात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

उल्हासला थोरल्या वहिनीचा फोन आला तेव्हा तो क्लिनिकमध्ये होता आणि एक म्हातारे गृहस्थ मशीनवर होते. डायलिसिसमध्ये माणसाचं रक्त शरीराबाहेर फिरत असतं, ते अर्ध्यावर सोडून कोणी जात नाही. त्याने फोन खिशात ठेवला. दाब बघितला, आकडे बघितले, वेळ भरल्यावर रक्त परत आत पाठवलं, सुया काढल्या, कापूस दाबून धरला. पेशंटने शुक्रान म्हणत आभार मानले, यानेही मान हलवली. मग जाऊन सुपरवायझरला सांगितलं की माझी बायको वारली. सुपरवायझरला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

त्या दिवसापासून उल्हासच्या आत कुठलीशी वायर निसटली होती. विमानात समोर आलं ते त्याने खाल्लं. स्मशानात सांगितलं ते केलं. नेहा वेल्सहून आली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि मनात एवढंच आलं की हिचं जॅकेट ओलं आहे. भाकरी, मासे, चहा, सगळ्याला एकच चव, म्हणजे काही नाही. दिवस-कार्य झालं. नातेवाईक आपसांत बोलू लागले, त्याला रडवायला हवं, नाहीतर आजारी पडेल. एका काकांनी त्यासाठी शर्मिलाचे गुण सांगायला सुरुवात केली आणि काकाच रडले.

"बाबा, रडा ना," नेहा निघताना म्हणाली. "प्लीज."

"येत नाही गो," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

परतीच्या आदल्या दिवशी वहिनीने त्याची बॅग भरली. शेवटी ते साडीत बांधलेलं गाठोडं आणलं.

"भावोजी, ह्यां तुमचां आगळ. तिनां बांधून ठेवलेलां, मी सोडूक नाय."

उल्हासने ते हातात घेतलं. साडीचा रंग ओळखला. सोडून त्यानेही पाहिलं नाही. शर्मिलाच्या हातचं आता जगात एवढंच उरलं होतं. लोणच्याची बरणी पावसाच्या गडबडीत बुरशीने गेली होती, पापड पाहुण्यांना तळले होते. हे एक गाठोडं जपून न्यायचं, एवढी एकच गोष्ट त्याला नीट कळत होती. त्याने ते बॅगेच्या मधोमध गणवेशांत खोचलं आणि वरून पुन्हा गणवेश रचले.

कुवेतच्या विमानतळावर दुपारची वेळ होती. बाहेर पडण्याआधी सगळ्यांच्या बॅगा एक्स-रेच्या पट्ट्यावरून जातात. इतक्या वर्षांत उल्हासची बॅग कधी अडली नव्हती. तो पलीकडे जाऊन उभा राहिला, बॅग आली आणि एका कस्टम अधिकाऱ्याने तिच्यावर हात ठेवला. दाढी कोरलेला, झोप अपुरी झालेला तरुण माणूस. त्याने बॅग टेबलावर घ्यायला लावली, कपडे बाजूला केले आणि गाठोडं बाहेर काढलं.

"शिनू हाधा?" हे काय आहे?

"कोकम. फूड," उल्हास म्हणाला.

"ओपन."

सुतळीच्या गाठी शर्मिलाने मारलेल्या. त्या सुटेनात. अधिकारी कात्री घ्यायला वळला, तेव्हा उल्हास घाईने म्हणाला, "नो, नो, आय ओपन," आणि नखांनी एकेक गाठ सोडवत बसला. मागे रांग वाढली. शेवटची गाठ सुटली, साडीचा तुकडा उलगडला, आणि आतून वेल्सचं पाखरू बाहेर आलं.

अधिकाऱ्याची झोप उडाली. "खमर?" दारू? तो मोठ्याने म्हणाला, आणि शेजारच्या टेबलावरचं काम थांबलं.

उल्हास बाटलीकडे बघत राहिला. पडवी, दोन ग्लास, ताटली घेऊन दारात उभी असलेली ती. संपली काय टाकू नकात. तिने त्याच्यासाठी घरातलं सगळ्यात घट्ट बूच निवडलं होतं. गणवेश खराब होऊ नयेत म्हणून. आणि ते बूच आता त्याला जेलमध्ये घालायला निघालं होतं.

पुढे काय होतं ते त्याला माहीत होतं. चौकशी, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना रद्द, बोटांचे ठसे, पहिल्या विमानाने घरी, पुन्हा या देशात पाय नाही. एरवी तो हातापाया पडला असता. आता त्याने तो विचार दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी तसा ऐकून घेतला. पाठवतील परत, पाठवू देत. घरी तरी कोण आहे? फक्त ही बाटली त्यांनी घेऊ नये. त्याने बाटलीवर हात ठेवला.

"ओल्ड बॉटल," तो म्हणाला. "वॉश्ड. माय वाइफ... स्मेल, प्लीज."

अधिकाऱ्याने बूच काढलं, बाटलीला नाक लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. मग पुन्हा हुंगलं. थोडा रस तळहातावर घेऊन पाहिला, लाल. जिभेच्या टोकाला लावला आणि त्याचा अख्खा चेहरा एका बाजूला गेला. शेजारच्या टेबलावरचा हसला. दोघे अरबीत काहीतरी बोलले. उल्हासला त्यातलं खलास एवढंच कळलं.

"ओके," अधिकारी म्हणाला. "दिस फूड, ओके. दिस बॉटल, नो." लेबलवर बोट टेकवून त्याने मान हलवली. ही बाटली इथून बाहेर जाणार नाही. त्याने टेबलाखालची कचऱ्याची बादली पायाने पुढे सरकवली. ओत.

उल्हास हलला नाही.

"सर," तो म्हणाला, "माय वाइफ मेड. शी डाइड."

हे वाक्य तो पहिल्यांदाच कोणा अनोळखी माणसाला सांगत होता, तेही मोडक्या इंग्रजीत. अधिकाऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. साडीच्या तुकड्याकडे पाहिलं. मग त्याने आपल्या टेबलावरची पाण्याची प्लास्टिकची बाटली उचलली, तोंडाला लावून संपवली, झटकली आणि उल्हासपुढे ठेवली.

नरसाळं नव्हतं. पण ज्या हातांनी आयुष्यभर बारीक नळ्यांत बुडबुडा जाऊ दिला नाही, ते हात कामाला लागले. वेल्सच्या बाटलीचा गळा त्याने प्लास्टिकच्या तोंडाला टेकवला आणि आगळ धारेने उतरलं. एक थेंब टेबलावर पडला नाही. पाण्याची बाटली काठोकाठ भरली, तरी काचेच्या बाटलीत वाटीभर उरलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. दुसरी बाटली नव्हती. अधिकाऱ्याने खांदे उडवले आणि बादलीकडे बोट केलं. त्याने त्याच्या परीने खूप केलं होतं.

ती वाटीभर तिची होती. मे महिन्याच्या उकाड्यात बसून तिने फळं फोडली होती, बिया काढल्या होत्या, मीठ चोळलं होतं, रोज ढवळलं होतं. ती कचऱ्यात ओतायची, हे उल्हासच्या हाताला जमेना.

आणि मग कुवेतमध्ये कधीही न प्यायलेला उल्हास पेडणेकर कस्टमच्या टेबलापुढे, सरकारी माणसाच्या डोळ्यांदेखत, व्हिस्कीची बाटली तोंडाला लावून प्यायला.

नुसतं आगळ कोणी पीत नाही. पहिल्या घोटाला कानशिलं आवळली, दुसऱ्याला मिठाने घसा सोलवटून निघाला, तिसऱ्याला पोट वर आलं. तो थांबला नाही. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, नाक वाहायला लागलं. शेवटचा थेंब निघाल्यावर त्याने बाटली खाली ठेवली आणि टेबलाला धरून उभा राहिला. अधिकाऱ्याने कागदी रुमालाचा खोका त्याच्याकडे सरकवला आणि मान दुसरीकडे वळवली. वेल्सचं पाखरू बादलीत गेलं. उल्हासने साडीचा तुकडा घडी करून खिशात घातला, प्लास्टिकची बाटली छातीशी धरली आणि बॅग ओढत बाहेर पडला.

नझीर गाडीशी उभा होता. मित्राच्या मिशा लाल, डोळे सुजलेले, शर्टावर डाग, हे पाहून तो धावतच पुढे आला.

"काय रे, कोणी मारलं काय तुला?"

"आगळ प्यायलो."

"नुसतं? वेड लागलं काय? माझ्या दुकानात आगळाच्या बाटल्या धूळ खात..." बोलता बोलता नझीरचं लक्ष छातीशी धरलेल्या बाटलीकडे गेलं. त्याने बॅग उचलून मागे ठेवली, दार उघडून दिलं.

"आमच्याकडे असमाने जेवण करून ठेवलंय," तो हळूच म्हणाला. "आधी जेवून घे, मग घरी जा."

उल्हासने पट्टा लावला. बाटली मांडीत घेतली. तोंड अजून आंबट, खारट होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाला कसलीतरी चव होती.

"मीठ जास्त पडलंय यंदा," तो म्हणाला, आणि सवयीने खिशातून फोन काढला. "थांब, सांगतो तिला."

अंगठा नावावर गेला होता. शर्मिला. तो तिथंच राहिला.

नझीरने चावी फिरवली नाही. पार्किंगमध्ये ऊन भाजत होतं, गाडी आतून भट्टी झाली होती. उल्हास मांडीवरच्या बाटलीवर वाकला आणि घशातून आवाज काढून रडायला लागला. नझीर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसून राहिला.